कॉलची वॉरंटी नाही

मोबाईल रिपेअरिंगच्या धंद्यात सर्किटचा नकाशा म्हणजे बहुतेक वेळा चोरीचा माल. कुठल्यातरी कारखान्यातून फुटलेली स्कीमॅटिक, चीनमध्ये बसून कुणीतरी बनवलेलं, बोर्डावरचा प्रत्येक पार्ट आणि लाइन दाखवणारं बोर्डव्ह्यू सॉफ्टवेअर, आणि त्याची वर्षाची फी भरून बसलेलो आम्ही. नागपूरच्या सीताबर्डीत बोर्डावर काम करणारे बहुतेक जण हेच करतात आणि कुणी त्याचं फार वाईट वाटून घेत नाही. कंपन्या नकाशा देत नाहीत, आणि लोकांचे फोन तर बंद पडतातच. त्यामुळे मागच्या मे महिन्यात एका काकांनी काउंटरवर फोनच्या आधी स्पायरल बाइंडिंगची फाइल ठेवली, तेव्हा माझा पहिला प्रश्न होता, “काका, हे मिळालं कुठून?”

“कंपनीनेच दिलंय. वेबसाइटवर आहे, कुणीही घ्या.”

काका कोराडीच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेले. नोकरीभर रिले टेस्टिंग केलेलं, म्हणजे बिघाड झाला की लाइन तोडायला लावणारी उपकरणं तपासलेली. फाइलमधल्या पानांवर पिवळ्या मार्करने खुणा, समासात पेन्सिलीने प्रश्न. “ड्रॉइंग पाहिल्याशिवाय मी कधी पॅनलला हात लावला नाही,” म्हणाले, “तूही लावू नको.” गिऱ्हाइकाने असं काही सांगितलं की एरवी माझं डोकं फिरतं. या माणसाचा राग आला नाही.

फोन होता पाइनफोन. जर्मनीतल्या मुलाने पाठवलेला. हाँगकाँगच्या पाइन सिक्स्टीफोर या कंपनीने तो २०२० मध्ये बाजारात आणला. सुरुवातीची किंमत साधारण १५० डॉलर. त्यात अँड्रॉइड नाही, लिनक्स आहे, आणि ते लिनक्सही कंपनीचं नाही. पोस्टमार्केटओएस, मोबियन, उबुंटू टच अशी वेगवेगळ्या मंडळींची सॉफ्टवेअर आहेत, आवडेल ते घाला. कंपनी बोर्ड बनवते, बाकीचं जगभरची हौशी माणसं बघतात. आमच्या दुकानातला पोट्टा खांद्यावरून वाकून पाहत होता. त्याने विचारलं, “याच्यात व्हॉट्सॲप चालते का?”

“चालवायचंच नाही मले,” काका म्हणाले. विषय संपला.

नागपुरात मे महिन्यात पाण्याने मेलेले फोन येतात ते पावसाचे नसतात, कूलरचे असतात. खिडकीत कूलर, कूलरसमोर स्टूल, स्टुलावर फोन. रात्री वाळ्याच्या ताट्या भिजतात, बारीक तुषार उडत राहतात आणि सकाळी फोन डेड. काकांचंही तसंच झालं होतं. टाइप सी पोर्टच्या तोंडाशी पांढरट हिरवी खपली धरली होती. बोअरच्या पाण्याचे क्षार. ही खपली मी झोपेतही ओळखेन.

फोन उघडायला हॉट गन लागली नाही. मागचं झाकण नखाने निघालं. आत बॅटरीच्या वर सहा इवलेसे स्विच एका ओळीत, चिमट्याच्या टोकाने सरकवायचे. पहिला मॉडेमचा, म्हणजे मोबाईल नेटवर्कशी जोडणाऱ्या भागाचा, दुसरा वायफाय-ब्लूटूथचा, मग माइक, मागचा कॅमेरा, पुढचा कॅमेरा, आणि सहावा हेडफोनचा. त्यातला कुठलाही बंद केला की तो भाग खरोखर बंद होतो, स्क्रीनवरच्या चित्रापुरता नाही. सहाव्याची गंमत वेगळीच. तो बंद केला की हेडफोनचं भोक सीरियल पोर्ट होतं. साडेतीन एमएमच्या जॅकला वायर जोडली की फोन सुरू होताना आतून काय काय बोलतो ते कॉम्प्युटरवर अक्षरन् अक्षर दिसतं. इतकी वर्षं डेड फोनची नाडी मी डीसी सप्लायच्या काट्यावर बघत आलोय. इथे पेशंट स्वतः सांगत होता, दुखतं कुठे.

बॅटरी काढून पाहिली आणि हसूच आलं. सॅमसंगच्या २०१५ च्या जे सेव्हनच्या मापाची. ती बर्डीत कुठल्याही काउंटरवर मिळते. पोट्ट्याला शेजारच्या दुकानात पाठवलं, तो चहा सांगून बॅटरी घेऊनच आला. माझ्या मते त्या फोनमधला सगळ्यात शहाणपणाचा निर्णय हाच. ओपन सोर्सवाले, म्हणजे डिझाइन सगळ्यांना खुलं असावं म्हणणारे, नकाशावर फार बोलतात, पार्टवर कमी. पार्ट मिळत नसेल तर नकाशा काय भिंतीला लावायचा? युरोपातली फेअरफोन ही कंपनी २०१३ पासून फोन विकते, तिचं डिझाइन काही पूर्ण खुलं नाही, पण तिचा डिस्प्ले, बॅटरी, चार्जिंग पोर्ट स्क्रू काढून ज्याचा त्याला बदलता येतो. माझ्यासारख्याला त्या विचाराची किंमत जास्त. अर्थात हे दोन्ही फोन बर्डीच्या शोकेसमध्ये दिसत नाहीत, तेव्हा आमचा वाद हवेतलाच.

नवी बॅटरी लावल्यावर फोन सुरू झाला, पण चार्ज होईना. चार्जिंगच्या लाइनवर मीटर लावला तर ग्राउंडशी सरळ बीप. शॉर्ट. काकांनी न विचारता पान उघडलं, बोट ठेवलं आणि टाइप सीपासून पॉवर आयसीपर्यंत लाइन वाचून दाखवली. वाटेत किती कपॅसिटर, कोणता किती मायक्रोफॅरडचा, किती व्होल्टचा, सगळं छापलेलं. दुसऱ्या पानावर बोर्डाचं चित्र, कोणता पार्ट कुठे बसलाय त्याचं. मी त्या जागांवर रोझिनचा धूर देऊन पांढरा थर बसवला, सप्लायवरून एक व्होल्ट सोडला. शॉर्ट झालेला पार्ट तापतो. क्षणभरात पोर्टजवळच्या एका कपॅसिटरवरचा थर वितळून काळा ठिपका उघडा पडला. तो उचलला, शॉर्ट गेला. एरवी तिथे मी भंगार बोर्डावरचा तेवढ्याच आकाराचा दिसेल तो कपॅसिटर डोळे मिटून बसवला असता. त्या दिवशी ड्रॉइंगमध्ये लिहिलेल्या किमतीचाच शोधून बसवला. काका बघत होते ना.

एका जागी मात्र अडलो. कपॅसिटर बदलल्यावरही करंट थोडा कमी खेचत होता आणि मला ती लाइन बोर्डाच्या आतल्या थरांतून कुठून जाते ते पाहायचं होतं. फाइलमध्ये ते नव्हतं. “काका, बोर्डाचा लेआउट?” काका म्हणाले, “तो नाही दिला त्यांनी. मुलाला विचारलं होतं मी.” कंपनीने पीडीएफ दिलंय, ज्या फाइलवरून बोर्ड बनतो ती दिलेली नाही. ओपन हार्डवेअरची जी व्याख्या अमेरिकेतल्या ओपन सोर्स हार्डवेअर असोसिएशनने धरली आहे तिच्यात साफ लिहिलंय, की मूळ डिझाइन फाइल बदल करता येईल अशा स्वरूपात दिली पाहिजे. पीडीएफ वाचता येतं, बदलता येत नाही. म्हणजे गंमत अशी, की ज्या कंपन्या काहीच देत नाहीत त्यांच्या फोनचं चोरीचं बोर्डव्ह्यू माझ्याकडे आहे, एका कपॅसिटरवर क्लिक केलं की पूर्ण लाइन पिवळी होते. आणि ज्यांनी मनापासून दार उघडलं त्यांच्या फोनची लाइन मी मीटरने बीप बीप करत शोधत होतो. शेवटी पोर्टच्या एका पायालाच गंज निघाला. आयपीएने, म्हणजे सफाईच्या अल्कोहोलने, धुतला, सोल्डर ताजं केलं, चार्जिंग पूर्ण.

इथवर दुपार झाली होती. काका खूश, मी खूश. मग त्यांनी खिशातून सिम काढलं.

स्लॉट मायक्रो सिमचा. आता कोण वापरतं मायक्रो सिम? ड्रॉवरच्या तळातून ॲडॉप्टर काढला. (रिकामा ॲडॉप्टर घालून ओढला की आतल्या पिना वाकतात. ज्याच्याकडे असा फोन असेल त्याने हे लक्षात ठेवावं.) नेटवर्क आलं, फोरजी आलं, बातम्यांचं पान उघडलं. काकांनी घरी कॉल लावला. लागला नाही. रिंग नाही, काही नाही, कट.

माझं दुसरं सिम टाकलं, कॉल लगेच लागला. फरक कशात ते कळायला वेळ लागला नाही. माझ्या सिमची कंपनी अजून टूजी चालवते, कॉल आला की फोन खाली उतरून टूजीवर बोलतो. काकांच्या सिमचा कॉल फोरजीवरूनच जायला हवा, ज्याला आपण व्होल्टीई म्हणतो. म्हणजे अँटेना ठीक, माइक ठीक, पॉवर ठीक. माझ्या हॉट गनचं काम संपलं होतं.

काकांनी मॉडेमचं पान उघडलं. एक मोठा चौकोन. चौकोनाच्या कडेला पाय: इथून यूएसबी, इथून सिम, इथून अँटेना, इथून आवाज, इथून पॉवर. चौकोनाच्या आत मॉडेलचा नंबर, बाकी कोरा कागद. बाकीच्या पानांवर पेन्सिलीचे प्रश्न होते, या पानावर नव्हते. विचारायचं तरी काय?

मॉडेम क्वेक्टेल कंपनीचा, त्यात क्वालकॉमची चिप. आत अख्खा एक कॉम्प्युटर आहे, फोनच्या कॉम्प्युटरपासून वेगळा, यूएसबीने जोडलेला. त्याचीही दोन घरं. एका घरात छोटं लिनक्स चालतं, ते हौशी मंडळींनी खोलून स्वतःचं बसवून दाखवलं. दुसऱ्या घरात टॉवरशी बोलणारा बेसबँड प्रोसेसर. त्याच्या फर्मवेअरला, म्हणजे आत भरलेल्या सॉफ्टवेअरला, कंपनीची डिजिटल सही लागते, सहीशिवाय ते चालतच नाही. व्होल्टीईचं गाडं अडतं ते तिथे. कुठल्या नेटवर्कवर कसं वागायचं याची प्रोफाइलं मॉडेममध्ये आधीच भरलेली असतात, आपण फक्त निवडायचं. एटी कमांडने, म्हणजे मॉडेमला टाइप करून द्यायच्या हुकमाने, यादी मागवली. अमेरिकेतल्या, चीनमधल्या, ऑस्ट्रेलियातल्या कंपन्यांची नावं, आणि बाकीच्या जगासाठी एक सरसकट प्रोफाइल. ऑटो निवड बंद केली, ते सरसकट प्रोफाइल लावलं, मॉडेम रिस्टार्ट केला.

कॉल लागला. काकूंचा आवाज स्पष्ट आला, “अहो, जेवायला येऊन राहिले का नाही?” फोन बंद करून परत सुरू केला, नाही लागला. पुन्हा रिस्टार्ट, पुन्हा लागला. मग लागतच राहिला. का, ते आम्हा दोघांनाही सांगता येईना.

काका बराच वेळ त्या चौकोनाकडे पाहत बसले. मग म्हणाले, “जुना रिले होता नं, त्याची काच काढून काँटॅक्ट साफ करता येत होते. आत कॉम्प्युटर असलेले न्यूमेरिकल रिले आले आणि आम्ही नुसते सेटिंगवाले झालो.”

रात्री घरी मी याच विषयावर वाचत बसलो. ही भिंत जुनीच निघाली. २००७ मध्ये ओपनमोको नावाच्या प्रकल्पाने निओ १९७३ हा असाच खुला फोन काढला, २००८ मध्ये फ्रीरनर. फ्रीरनरवर बोलताना समोरच्याला घरघर ऐकू यायची. नकाशा हातात असल्याने लोकांनी दोष सर्किटमध्ये शोधला आणि एकत्र जमून, सोल्डरिंग करून एकमेकांचे फोन दुरुस्त केले. पण त्यातही जीएसएमची, म्हणजे टॉवरशी बोलणारी, चिप बंदिस्तच होती, टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची कॅलिप्सो. ते नाव वाचून मी उठून बसलो. मोटोरोलाच्या सी ११८ मध्ये हीच चिप. धंद्याच्या सुरुवातीला ते बारके फोन मी ढिगाने दुरुस्त केले आणि नंतर किलोवर भंगारात घातले. त्याच फोनांवर २०१० च्या सुमारास ऑस्मोकॉम नावाच्या मंडळींनी स्वतःचं खुलं बेसबँड सॉफ्टवेअर चालवून दाखवलं. तेही टूजीपुरतं.

तरी एक गोष्ट सांगतो, खुलेपणाच्या भक्तांना ती आवडणार नाही. आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख नंबर, बदलून द्या म्हणणारे माझ्या काउंटरवर येतातच. बोलणं गोड, फोन कुणाचा ते विचारलं की पाय काढतात. २०१७ च्या नियमांपासून तो गुन्हा आहे आणि मी हात लावत नाही. टॉवरशी बोलणारा भाग ज्याने त्याने मनासारखा लिहायचा ठरवला तर काय होईल, हा प्रश्न खोटा नाही. पण कंपन्या सहीबंद ठेवतात त्या काही केवळ माझ्या भल्यासाठी नव्हे. पेटंट आहेत, नेटवर्कवाल्यांची प्रमाणपत्रं आहेत, उद्याचं मॉडेल विकायचं आहे. बदलू देऊ नका, पण वाचू तर द्या. कॉल का पडला एवढं तरी दिसू दे. सीरियल पोर्टवर फोनचा अर्धा भाग भडाभडा बोलतो आणि उरलेला गप्प, ही कसली दुरुस्ती?

बिल करताना मी चार्जिंग सेक्शन आणि बॅटरी लिहिली, एक महिन्याची वॉरंटी टाकली. काकांनी चष्मा वर करून वाचलं. “कॉलचं कुठं आहे?”

“त्याचे पैसे नाही घेतले, काका. वॉरंटी देता येत नाही.”

“काहून? लागून तर राहिला.”

“का लागला ते मला माहीत असतं तर घेतले असते.”

ते त्यांना पटलं, कारण रिलेवर सही करताना तेही असंच करत असणार. मग मी विचारलं, घरी बीपीचा पेशंट कोण? म्हणाले, दोघंही. तेव्हा मी जरा आवाज चढवूनच सांगितलं, की हा फोन हौसेने वापरा, रात्री उशाशी दुसरा ठेवा. त्यांच्याकडे जुना कीपॅडवाला पडून होता, बॅटरी फुगलेली. माझं बोलणं त्यांना आवडलं नाही. पण पोट्ट्याला हाक मारून कीपॅडची बॅटरी मागितली, आणि तिचे पैसे बिलात वेगळे लिहायला लावले.