मूळ धरलेलीच कॅटलिया

आम्ही फक्त कॅटलिया ही ऑर्किडची रोपं विकतो, आणि तीही आमच्याकडे मूळ धरलेलीच. धंदा सुरू केला तेव्हा, आयात झालेली रोपं आली तशी गिऱ्हाइकाकडे रवाना करा, असंच बहुतेकांनी सुचवलं होतं. पैसा अडकत नाही, जागा अडकत नाही. हिशेब चोख होता, पण तो कॅटलियाला मानवणारा नव्हता.

ऑर्किडची व्यापारी रोपं साइट्स (CITES) या वन्य जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या कराराखाली येतात, बहुतेक परवान्यावर व्यापार चालणाऱ्या परिशिष्ट २ मध्ये. परवाना, रोप निरोगी असल्याचं फायटोसॅनिटरी प्रमाणपत्र, तपासणी हे सगळं ओघानं आलंच. रोप प्रवास करतं ते कुंडीतला मिडिया, म्हणजे मुळांभोवतीचं साल-कोळशासारखं भरण, झाडून, उघड्या मुळांनी. पेटीतून निघतं तेव्हा जुनी मुळं बरीचशी वाळलेली, पिचलेली असतात. तरी पानं हिरवीगार दिसतात, कारण कंदात, म्हणजे मुळांवरच्या फुगीर खोडात, पाणी साठवलेलं असतं. ते संपत आलं की कंद सुरकुततात, आणि तोवर रोप विकणाऱ्याच्या हातातून सुटलेलं असतं.

म्हणून पेटी उघडली की आम्ही पानं नंतर बघतो. आधी सगळ्यांत नव्या कंदाच्या बुडाशी असलेले डोळे बघतो. डोळा फुगीर आणि हिरवा असेल तर रोप चालणार. मग कंदावरची वाळकी सालपटं सोलून काढायची, कारण खवले कीड नेमकी त्यांच्याआड दडते. सिंबिडियम मोझाइकसारख्या विषाणूला औषध नाही आणि तो कात्रीवरून पसरतो. त्यामुळे दर रोपामागे पातं आचेवर धरायचं, कितीही कंटाळा आला तरी.

यानंतर थांबायचं. सावलीत, दमट हवेत, वरून हलका फवारा. फुटव्याच्या बुडातून नवी मुळं डोकावली की लगेच साल-कोळशाच्या कुंडीत बसवायचं आणि काठीला घट्ट बांधायचं. रोप डगमगलं तर मुळांची कोवळी टोकं घासून मरतात, हे मी नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगतो. लॅबिएटा, मॉसी अशा एकपानी (कंदावर एकच पान येणाऱ्या) जाती त्यातल्या त्यात समजूतदार. गट्टाटासारख्या दोनपानी जातींना अवेळी हलवलं तर महिनोन्‌महिने रुसून बसतात. ब्राझीलहून उत्तर गोलार्धात आलेल्या रोपांचे तर ऋतूच उलटे असतात. नव्या ऋतुचक्राला लागेपर्यंत त्यांच्याकडून फुलाची अपेक्षा धरू नये.

रुजलेल्या रोपाला घरात २०,००० ते ३०,००० लक्स उजेड देतो, नव्याला त्याच्या निम्मा. पान गडद हिरवं दिसलं की लोक खूश होतात. मला मात्र उजेड कमी पडल्याची शंका येते. कॅटलियाच्या पानांची रंध्रं मुख्यतः रात्री उघडतात, म्हणून दिवे मालवल्यावरही खोलीतली हवा कोरडी पडू देत नाही. पंखा रात्रंदिवस चालू.

या पद्धतीत धंदा झपाट्यानं वाढत नाही. मोठ्या मागण्या आम्ही अनेकदा नाकारल्या, कारण मांडणीवर मूळ धरलेली रोपं तेवढी नव्हती. आता बाटलीतली रोपंही घेऊ लागलो आहोत. परिशिष्ट २ मधल्या जातींची निर्जंतुक बाटलीत वाढवलेली रोपं साइट्सच्या परवान्यातून सुटतात, आणि मुळं मोडण्याचा प्रश्नही बराच कमी होतो. मात्र फूल यायला साधारण ४ ते ७ वर्षं लागतात. तोवर या बाटल्यांचं वीजबिल मोठी रोपंच भरताहेत.