कंट्रोल-पी दाबल्यावर ओ कोण देतं?

सोमवार

पाडव्याचा आठवडा. तहसीलसमोरच्या टपऱ्यांवर ठोक्याच्या शेतीचे करारनामे सुरू झालेत. अर्जनवीस मंडळींच्या वर्डच्या फाइली जुन्या, त्यातले मॅक्रो, म्हणजे ठरलेली कामं आपोआप करणाऱ्या छोट्या आज्ञा, त्याहून जुने. दिवसातून तीनदा तरी एकच तक्रार कानावर येते: "दादा, प्रिंट देली का एरर येते." मग टोनर हलवून पाहतात, केबल काढून घालतात. प्रिंटर बिचारा गप्प उभा असतो, कारण त्याच्यापर्यंत अजून काही पोचलेलंच नसतं.

पहिला प्रश्न एवढाच विचारायचा: एरर स्क्रीनवरच्या चौकटीत आली की कागदावर छापून आली? चौकटीत आली असेल तर मॅक्रो. कागदावर आली असेल तर तो मॅक्रो नाहीच, ती फील्ड आहे, म्हणजे मजकूर दुसरीकडून आपोआप आणणारी जागा. बरेच जण दोन्हीला "मॅक्रोची एरर" म्हणतात आणि चुकीच्या जागी खणत बसतात.

फील्डचं कसं होतं ते आज डोळ्यांसमोर दिसलं. करारनाम्याच्या नमुन्यात लिहून देणाऱ्याचं नाव एकदाच टाइप करायचं. पुढे सहा-सात ठिकाणी तेच नाव आपोआप यावं म्हणून त्या नावाला बुकमार्क, म्हणजे न दिसणारी खूण, लावलेला, बाकी ठिकाणी त्या खुणेतला मजकूर आणणारी रेफ फील्ड. टाइप करणाऱ्याने जुनं नाव माउसने अख्खं निवडलं आणि त्यावर नवं नाव मारलं. त्या क्षणी बुकमार्क पुसला गेला. स्क्रीनवर काहीच बदललं नाही. खालच्या सगळ्या जागी जुनं नाव तसंच दिसत राहिलं. वर्डच्या ऑप्शन्समध्ये, डिस्प्लेखाली, "अपडेट फील्ड्स बिफोर प्रिंटिंग"ला टिक होती. त्यामुळे प्रिंट देताना फील्ड ताज्या झाल्या आणि पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर नावाच्या जागी ठळक अक्षरात "एरर! रेफरन्स सोर्स नॉट फाउंड" उमटलं. टिक काढून टाकणं हा उपाय नव्हे. मग जुन्याच गिऱ्हाइकाचं नाव छापून जाईल, आणि ते तर आणखी वाईट.

दुरुस्ती: नवं नाव निवडा, इन्सर्टमधून बुकमार्क उघडा, तेच जुनं बुकमार्कनाव देऊन ॲड करा. बुकमार्कनाव ठाऊक नसेल तर ऑल्ट-एफ९ दाबा, फील्डच्या आतला मजकूर दिसतो, रेफच्या पुढे नाव असतं. पुन्हा ऑल्ट-एफ९ दाबून परत या. मग कंट्रोल-ए आणि एफ९. हेडर-फुटरमधल्या फील्ड कंट्रोल-एमध्ये येत नाहीत, तिथे आत जाऊन वेगळं एफ९ मारावं लागतं.

पुढच्या वेळी नाव बदलताना कर्सर जुन्या नावाच्या मधोमध ठेवा, नवं नाव टाइप करा, मग आजूबाजूची जुनी अक्षरं खोडा. बुकमार्क जिवंत राहतो. ऑप्शन्सच्या ॲडव्हान्स्डमध्ये "शो बुकमार्क्स"ला टिक दिली की नावाभोवती करडे चौकटी कंस दिसतात. ते कंस दिसत असताना कोणी सहसा चूक करत नाही.

मंगळवार

आता चौकटीत येणारी एरर. प्रिंटची आज्ञा दिली की वर्ड थेट छापायला जात नाही. त्या आज्ञेच्या नावाचा मॅक्रो कुठे आहे का, हे आधी पाहतं. फाइलप्रिंट, फाइलप्रिंटडिफॉल्ट, आणि २०१० पासूनच्या वर्डमध्ये प्रिंटप्रिव्ह्यूअँडप्रिंट, ही नावं लक्षात ठेवायची. यातल्या नावाचा मॅक्रो सापडला की वर्डची स्वतःची आज्ञा बाजूला राहते आणि ओ मॅक्रोच देतो. तो मोडका असेल तर छपाई तिथेच अडते.

ही सोय दुष्टांनीही वापरली. १९९५ मधला न्यूक्लियर नावाचा मॅक्रो व्हायरस छपाईचीच आज्ञा पकडायचा. मिनिटाच्या शेवटच्या काही सेकंदांत प्रिंट दिली तर कागदाच्या तळाशी फ्रान्सच्या पॅसिफिकमधल्या अणुचाचण्या थांबवा, अशी ओळ छापून मोकळा. गिऱ्हाईक काय समजलं असेल कोणास ठाऊक.

मॅक्रो राहतो तीन ठिकाणी: त्या फाइलीत किंवा तिच्या टेम्प्लेटमध्ये (साच्यात), नॉर्मल टेम्प्लेटमध्ये (वर्डचा स्वतःचा मूळ साचा), नाहीतर स्टार्टअप फोल्डरमध्ये (यातल्या फाइली वर्डसोबतच उघडतात). कुठला, ते ठरवायची पद्धत अशी. वर्ड बंद करा. टास्क मॅनेजरमध्ये विनवर्ड, म्हणजे वर्डच, मागे राहिलेलं नाही ना, पाहा. विंडोज-आर दाबून "विनवर्ड /ए" असं इंग्रजी अक्षरांत (winword /a) चालवा, तिरप्या रेघेआधी एक जागा सोडा. अशा वेळी नॉर्मल आणि स्टार्टअप दोन्ही बाजूला राहतात. आता तीच फाइल छापली गेली तर दोष त्या दोघांपैकी एकात. कोरं पान छापलं जातं पण ती फाइल अडते, तर दोष फाइलीत. आणि नोटपॅडही छापत नसेल तर खुशाल प्रिंटरकडे जा.

दोष बाहेरचा निघाला तर आधी स्टार्टअप. %ॲपडेटा% (%appdata%) या फोल्डरमध्ये मायक्रोसॉफ्ट, त्यात वर्ड, त्यात स्टार्टअप. ऑफिसच्या प्रोग्रॅम फोल्डरमध्येही एक स्टार्टअप असतं, तेही पाहा. डॉटएम किंवा डॉट (.dotm, .dot) शेपटीच्या फाइली डेस्कटॉपवर हलवा आणि एकेक परत ठेवत तपासा. "कंपाइल एरर इन हिडन मॉड्यूल" ही चौकट बहुतेक इथूनच येते. पीडीएफ बनवणाऱ्या किंवा टाइपिंगच्या सॉफ्टवेअरने ठेवलेलं जुनं टेम्प्लेट नव्या वर्डशी जुळत नाही.

नॉर्मल टेम्प्लेट शेवटी. वर्ड बंद असताना मायक्रोसॉफ्टखालच्या टेम्प्लेट्स फोल्डरमधल्या नॉर्मल डॉट डॉटएम (Normal.dotm) या फाइलीचं फक्त नाव बदला. डिलीट करू नका, हे परत परत सांगावं लागतं. नवं नॉर्मल वर्ड स्वतः बनवतं, पण कीबोर्डच्या शॉर्टकट, ऑटोटेक्स्ट, चांगले मॅक्रो, सगळं जुन्यातच राहतं. मॅक्रो परत आणायला ऑल्ट-एफ८, ऑर्गनायझर, डावीकडे जुनी फाइल उघडा आणि हवं तेवढंच मॉड्यूल उजवीकडे कॉपी करा.

बुधवार

दुपारी दोन तास लाईन नव्हती, म्हणून थोडक्यात. तीच फाइल पेनड्राइव्हवरून चालते, व्हॉट्सॲप वेबवरून उतरवली की मॅक्रो बंद, वर लाल पट्टी. २०२२ पासून नवं वर्ड इंटरनेटवरून आलेल्या फाइलीतले मॅक्रो अडवतं. ही "बाहेरची" खूण फाइलीसोबत चिकटून असते. फॅट३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हला ती साठवताच येत नाही, म्हणून तिथून फाइल सुटते. फाइल कोणाची आहे याची खात्री असेल तरच राइट क्लिक, प्रॉपर्टीज, तळाशी अनब्लॉक. सगळे मॅक्रो सरसकट चालू करणारी सेटिंग मात्र कधीच नको. टपरीवर रोज किती जणांचे पेनड्राइव्ह लागतात ते पाहा.

शुक्रवार

रनटाइम एरर ५२१६, "देअर इज अ प्रिंटर एरर". याच एररमध्ये खरंच प्रिंटरचा संबंध असतो, तोही नुसत्या नावापुरता. मॅक्रोत प्रिंटरचं नाव कोरून ठेवलेलं असतं. यूएसबी दुसऱ्या भोकात लावली की विंडोज कधीकधी त्याच प्रिंटरला "कॉपी १" लावून नवा प्रिंटर समजतं. जुनं नाव उरतं पण त्यामागे यंत्र नसतं, किंवा कोणी ते नावच काढून टाकलेलं असतं. नेमकं नाव हवं असेल तर ऑल्ट-एफ११, मग कंट्रोल-जी, खाली प्रश्नचिन्ह देऊन ॲक्टिव्हप्रिंटर (?ActivePrinter) लिहा आणि एंटर मारा. जे दिसेल ते अक्षर न् अक्षर मॅक्रोत टाका.

प्रिंटरचं नाव हौसेने मराठीत ठेवलं असेल तर रोमन करा. व्हीबीएच्या, म्हणजे मॅक्रो लिहायच्या, खिडकीला युनिकोड (मराठी अक्षरांची संगणकी पद्धत) कळत नाही. देवनागरीतलं "दुकान" तिथे नुसती प्रश्नचिन्हं होऊन बसतं, आणि त्या नावाचा प्रिंटर कुठेच सापडत नाही. मॅक्रोत मराठी शब्द शोधायचा किंवा भरायचा असेल तर एकेक अक्षर सीएचआरडब्ल्यूने (ChrW), म्हणजे त्याच्या क्रमांकाने, द्यावं लागतं, जसं "म" साठी २३५०. किचकट आहे, पण एकदाच करायचं काम.

आणखी एक: एरर येत नाही आणि कागदही येत नाही. मॅक्रो प्रिंट देऊन लगेच फाइल बंद करतो, पार्श्वभूमीत चाललेली छपाई मध्येच मरते. प्रिंटआउटच्या ओळीत "बॅकग्राउंड:=फॉल्स" घाला, छपाई पूर्ण सुटेपर्यंत मॅक्रो थांबतो.

शनिवार

नवा संगणक घेतला आणि पीटीआरसेफ (PtrSafe) नावाचा शब्द मागणारी चौकट आली, तर ऑफिस ६४ बिट आहे आणि मॅक्रो ३२ बिटच्या काळातला. डिक्लेअरच्या पुढे तो शब्द घाला, हँडल (विंडोजने दिलेली ओळख-संख्या) ठेवणाऱ्या व्हेरिएबलला लाँगपीटीआर (LongPtr) करा. "कॅन्ट फाइंड प्रोजेक्ट ऑर लायब्ररी" आली तर व्हीबीएत टूल्स, रेफरन्सेस. यादीत "मिसिंग" लिहिलेल्या ओळीची टिक काढा.

दुरुस्तीनंतरची पहिली प्रिंट स्टॅम्पवर नाही. लीगल आकाराच्या साध्या कागदावर काढा, तो कागद स्टॅम्पच्या मागे धरून उजेडात पाहा. पहिली ओळ मुद्रांकाच्या छापाखाली बसली की मगच ट्रेमध्ये स्टॅम्प ठेवा.