मागच्या अंगाची गर्दी

सिग्नलला थांबलं की माणसं पुढच्या गाडीच्या पाठीवरचं वाचत बसतात, आईवडिलांची पुण्याई, अमक्या गावचा वाघ वगैरे. मला ते दिसतच नाही. माझी नजर थेट बंपरच्या खाली जाते. सायलेन्सरची नळी कुठून निघालीय, सरळ आहे का एका अंगाला कललीय, ती टांगायच्या हँगरचं रबर जाग्यावर आहे का ते तुटल्यावर मालकानं बाइंडिंग तारेनं बांधून दिवस ढकलायला घेतलेत. तारेनं बांधलेली सापडली की उगाच बरं वाटतं. बायको म्हणते, लोकांच्या गाड्यांखाली काय डोकावतोस, शोभतं का. नसेल शोभत.

परवा दुपारी भाच्याचा फोन आला, मामा येताय का, थारला एक्झॉस्ट बसवायचाय. असल्या कामाला मी नाही म्हणत नाही. कोल्हापूरच्या उद्यमनगरातले मिस्त्री, मूळचे ट्रॅक्टर आणि जीपचे सायलेन्सर करणारे, आता पोरं थार-जिम्नी घेऊन येतात म्हणून स्टेनलेसचे पाइपही वाकवून देतात. दुकान म्हणजे पुढं रस्ता, मागं पत्र्याचं शेड आणि मध्ये एक खड्डा, त्या खड्ड्यावर गाडी उभी करायची आणि मिस्त्री खाली उतरणार.

मिस्त्री खाली उतरले आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग आवाज आला, "ह्यात जागा कुठाय ओ?"

प्रश्न बरोबर होता. भाच्यानं आधी टो-हिच, म्हणजे मागं काही ओढायचा आकडा, बसवून घेतलं होतं. ट्रेलर नाही, बोट नाही, घोडा तर नाहीच, पण हिच आहे आणि त्यात लाल रंगाचं डी-शॅकल, म्हणजे लोखंडी कडी, लटकतंय. त्यावर स्टीलचा जाडजूड बंपर, बंपरला भोकं पाडून परत बसवलेले पार्किंग सेन्सर, दाराला स्टेपनी तर असतेच, तिच्या शेजारी शिडी आणि जेरीकॅनचा स्टँड. शिडी चढून कुठं जायचं हे मी विचारलं नाही. आणि या सगळ्याच्या खाली, हिचच्या आडव्या नळीला, आमच्या ताईनं दृष्ट लागू नये म्हणून बांधलेली जुनी चप्पल.

यातला प्रत्येक जण एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकावा तसं आपापली जागा धरून गेला होता, आपल्या मागनं आणखी कुणी येणारच नाही अशा थाटात. हिच बसवणाऱ्यानं सायलेन्सरच्या मूळ डब्याचा एक हँगर आडवा येतोय म्हणून चक्क कापून टाकला होता आणि डबा उरलेल्या हँगरांवर सोडून दिला होता. बंपरवाल्यानं ब्रॅकेट अशा ठिकाणी आणलेलं की डबा तिथनं सरळ मागं येऊच शकत नाही. म्हणजे जो कंपनीतनं गाडीबरोबर आला, त्यालाच आता सगळ्यांनी मिळून उपरा ठरवला.

खरी गंमत अशी की मागं लावलेल्या बाकी वस्तू नुसत्या बसून असतात. शिडी शिडीच्या जागी, स्टेपनी स्टेपनीच्या जागी. सायलेन्सर मात्र स्वस्थ बसत नाही. इंजिन रबरी माउंटिंगवर डुलतं, त्याच्याबरोबर हा डुलतो, गाडी बंद करताना एक शेवटचा हिसका बसतो तेव्हा तर चांगलाच हलतो. आणि तापला की लांबतो. २ मीटर स्टेनलेसचा पाइप ३०० डिग्रीनं तापला तर जवळजवळ सेंटीमीटरभर वाढतो, म्हणजे थंड असताना बंपरपासून जेमतेम तेवढीच लांब बसवलेली नळी घाट चढताना बंपरला टेकणार आणि तुम्ही सगळ्या नटबोल्टांवर संशय घेत बसणार. म्हणून तर कंपनीवाले त्याला रबरावर टांगतात, पक्का आवळत नाहीत. काही ठिकाणी खडखड नको म्हणून थेट चासीला वेल्ड मारतात, मग काही महिन्यांनी फ्लॅन्जपाशी, म्हणजे नळीच्या जोडापाशी, तडा जातो आणि पेट्रोलच खराब मिळतंय असं ठरतं.

मिस्त्रींचं माप साधं. "जिथं माझा हात जात नाही तिथं पाइप जाणार नाही." खरंच, ते टेपबिप काढत नाहीत, पाइप नुसता अडकवून चारी बाजूंनी पंजा फिरवतात. शिवाय दुकानातली दोन पोरं त्यांनी गाडीत मागं बसवली. कशाला म्हणून भाच्यानं विचारलं तर म्हणाले, "वजन. रिकाम्या गाडीत सगळंच बसतंय." हे मला फार पटलं. बरेच जण गाडी जॅकवर उचलून सायलेन्सर बसवतात, उचलल्यावर चाकं खाली लोंबतात, अ‍ॅक्सल खाली जातो, वर हे भलं मोठं मोकळं रान दिसतं. गाडी खाली सोडली, माणसं बसली, पहिला स्पीडब्रेकर आला की अ‍ॅक्सल वर येतो आणि नळीवर दण्णकन बसतो. अ‍ॅक्सलच्या वरनं जाणारा बेंड बघायचा तो चाकं जमिनीवर असताना, आणि मागं माणसं असताना.

मागं माणसं असताना म्हटलं आणि मला आमचं वडाप आठवलं.

वडाप म्हणजे रंकाळा स्टँडच्या आसपासनं सीटा भरून गगनबावड्याकडं जाणाऱ्या जीप. आत किती माणसं बसायची याचा नियम ड्रायव्हरच्या आवाजावर, तो "बसतंय की" म्हणाला की बसायचंच. आतलं भरलं की मागं. मागच्या पायरीवर चार-पाच जण उभे, एक हात कॅरियरच्या शिडीला, तोंडात पान, आणि मागचं ताडपत्रीचं पान वर गुंडाळलेलं. आता एवढी माणसं मागं लोंबकळणार तर स्टेपनी कुठं? ती वर टपावर, बोचक्यांत. आणि सायलेन्सर? तो पोटऱ्या भाजतो म्हणून मागच्या चाकाच्या अलीकडंच कापून बाजूला काढलेला. म्हणजे बघा, मागच्या अंगाची गर्दी आणि तिच्यातनं सायलेन्सरला वाट काढून देणं हे काही थारवाल्यांनी शोधलेलं नाही.

तो बाजूला काढल्यामुळं मागच्यांच्या पोटऱ्या वाचल्या आणि आम्हा पोरांच्या भाजल्या, कारण आम्ही कडेनं चढायचो. माझ्या डाव्या पोटरीवर अजून एक वांगी रंगाचा डाग आहे, पावलीएवढा. त्यावर आधी टूथपेस्ट, मग शाई, मग कुणीतरी पीठ, असे थर लावत लावत मी घरी पोचलो होतो आणि आईनं ते सगळं धुताना दिलेला मार चटक्यापेक्षा जास्त लागला.

बरोबर आत्या असायची. आत्याला गाडी लागायची. लागायची म्हणजे कळे यायच्या आत तिचा चेहरा पांढरा व्हायचा, पदर नाकाला, हातात लिंबू, दाढेखाली आलं, तरी उलटी ठरलेली. एरवी खमकी बाई, बैलगाडी स्वतः हाकायची, तिच्यात कधी काही झालं नाही. पुढं बसू द्या रे मला, म्हणायची, पण पुढच्या सीटवर कायम कोणतरी गुरुजी नाहीतर सोसायटीचा चेअरमन. ५५ किलोमीटरचा रस्ता, आणि घाट तर गगनबावड्याच्या पुढं, तिथवर जायचंच नसायचं आम्हाला. कसली वळणं आणि कसलं काय.

असो. मिस्त्रींनी शेवटी डबा आडवा न ठेवता गाडीच्या लांबीत उभा, उजव्या अंगाला चिकटून बसवला, हिचच्या आडव्या नळीच्या वरनं एक बेंड काढून. कापलेला हँगर नवा केला, रॉड वाकवून. सेन्सरची वायर उचलून दुसऱ्या बाजूनं नेली, मध्ये पत्र्याचं हीट शील्ड दिलं. जेरीकॅनकडं बघून म्हणाले, "ह्यात पाणीच ठेवायचं, काय?" भाचा म्हणाला पाणीच असतं. चपलेपाशी मात्र सगळे अडले. ती नळीपासून वीतभरसुद्धा नव्हती, वितळणार हे दिसत होतं, पण काढायची कुणी? मिस्त्री म्हणाले मालकानं काढावी, मालक म्हणाला मामांनी काढावी. शेवटी ताईला फोन लावला, तिनं मुहूर्त वगैरे नाही पण "डावीकडं बांधली तरी चालतंय" असा निकाल दिला आणि काम पुढं सरकलं.

आधी सगळं नुसत्या वेल्डिंगच्या टाक्यांवर. मग जिथं जिथं घासायची शंका तिथं खडू लावला आणि गाडी शिरोली नाक्यापर्यंत पळवून आणली. परत खड्ड्यावर घेतली तर एका जागचा खडू पुसलेला, आतला धातू नखाएवढा चकचकीत. तेवढाच टाका ग्राइंडरनं सोडवला, पाइप जरा फिरवला, आणि मग फुल वेल्ड. हे खडूचं काम मी किती वेळ बघत होतो कुणास ठाऊक, चहा गार झाला.

आवाजाचं म्हणाल तर आहे थोडा. कंपनीपेक्षा कमीच आहे मामा, असं भाचा म्हणतो, ते खरं नाही. सुप्रीम कोर्टानं २०१९ च्या जानेवारीतच सांगितलंय की कंपनीनं दिलेल्या मूळ रचनेत बदल चालणार नाही, आवाजासाठी तर १० हजारांपर्यंत दंड आहे, बुलेटच्या सायलेन्सरांवर पोलीस रोडरोलर फिरवतात त्याचे व्हिडिओ त्यानंच मला पाठवलेले. सांगून झालं. मिस्त्रींनी निदान आतला डबा रिकामा ठेवला नाही, एवढंच.

भांडण झालं ते टिपवरनं, म्हणजे नळीच्या शेवटच्या तोंडावरनं. भाच्याला टिप बंपरच्या आत लपलेली पाहिजे, त्याच्या भाषेत क्लीन लुक. बाहेर दिसायला नको, फक्त ऐकू यावी. मिस्त्री म्हणाले आत ठेवली तर धूर गाडीत येणार. भाचा हसला, धूर मागं जातो की, गाडी पुढं जाते. पण तसं होत नाही. असली चौकोनी पाठीची गाडी पळताना मागं हवा फाटते, तिथं दाब कमी होतो, आणि मागं सोडलेलं सगळं उलटं गाडीच्या पाठीलाच ओढलं जातं. थार सॉफ्ट-टॉप, मागचं पान जरा उघडं राहिलं की थेट आत. आणि पेट्रोलच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. आधी डोकं जड होतं, मग मळमळतं.

डोकं जड, मग मळमळ. सपाट रस्ता, ताडपत्री वर, मध्येच कापलेला सायलेन्सर. आणि मागच्या बाकावर, सगळ्यात कडेला, आत्या.

डिझेलचा धूर होता तो, वास तर सगळ्यांनाच यायचा. पण तिला गाडी लागते हे एकदा ठरल्यावर आलं द्या, लिंबू द्या, खाऊन येऊ नकोस म्हणा, एवढंच चाललं. पुढं तिनं माहेरी येणंच कमी केलं. आजोबा गेले तेव्हा उशिरा पोचली, कारण एसटी चुकली आणि वडापात बसायची तिची हिंमत झाली नाही. तेव्हा सगळे तिलाच बोलले.

टिप मी बंपरच्या बाहेर चांगली चार बोटं काढायला लावली आणि तोंड चाकाच्या बाजूला फिरवून घेतलं. पैसे पण मीच दिले, म्हणजे बोलायला जागा नको. भाचा रुसलाय, क्लीन लुक गेला म्हणून. रुसू दे.