तुम्ही विचारलंत म्हणून : इंजिनियरांना परत काय शिकवता?

लग्नाच्या पंगतीत, गोव्याच्या सरकारी कदंबा बसमध्ये, कुठेही ओळख झाली की हा प्रश्न येतोच. "रस्ता बांधणारे इंजिनियर शिकलेलेच असतात ना? मग रोड सेफ्टी ऑडिटसाठी त्यांना परत काय शिकवता?" एकाने तर विचारलं, खड्डे मोजायला का?

खड्डा कुणालाही दिसतो, त्याला कोर्स लागत नाही. ऑडिट म्हणजे त्या कामाशी संबंध नसलेल्या पथकाने रस्ता वापरणाऱ्याच्या नजरेने पाहायचा आणि इथे कोण, कसा जखमी होईल ते आधीच लिहून द्यायचं. महामार्गावरची जागा ब्लॅक स्पॉट ठरते ती साधारण ५०० मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत पाच जीवघेणे वा गंभीर अपघात झाले किंवा दहा जण गेले, की मग. ऑडिट त्याच्या कितीतरी आधी, रस्ता नकाशावर असतानाच सुरू होतं आणि वाहतूक सोडण्यापूर्वी पुन्हा होतं. इंडियन रोड्स काँग्रेसची त्यासाठी पुस्तिका आहे, २०१० ची, २०१९ मध्ये सुधारलेली.

पण पुस्तिका पाठ असलेला माणूसही साइटवर एसी गाडीतूनच बघतो. आमच्या रस्त्यांवर राज्य दुचाक्यांचं: पायलट (म्हणजे मोटारसायकल टॅक्सीवाले), कामाला निघालेल्या बायका, भाड्याच्या स्कूटरवरचे पर्यटक. म्हणून मी सगळ्यांना आधी गाडीतून उतरवतो. क्रॅश बॅरियरजवळ, म्हणजे रस्त्याकडेच्या लोखंडी कठड्याजवळ, नेऊन सांगतो, वाहनं जातात त्या दिशेने पत्र्यावरून बोट फिरवा. पन्हळी पत्रे एकमेकांवर चढवून बोल्टने जोडलेले असतात. अलीकडचा पत्रा पलीकडच्याच्या वर बसला असेल तर बोट सरळ जातं. उलटा बसवला असेल तर जोडावर धार लागते. घसरत आलेल्या स्कूटरवाल्याला तीच धार कुठे लागेल, हे मग सांगावं लागत नाही. (जपून फिरवा, असंही सांगतो.)

पाहणी दिवसा आणि रात्री अशी दोन्ही वेळा करायची असते. गोव्यात मी पावसातली तिसरी जोडतो. ऑगस्टमध्ये वळणावरचे बाणांचे फलक वेलींनी गिळलेले असतात आणि साइडपट्टीची माती वाहून गेल्यामुळे डांबराची कड उघडी पडलेली असते. मे महिन्यात केलेल्या अहवालात यातलं काहीच येत नाही.

मग लिहिणं. "योग्य तो फलक लावावा" असं वाक्य आलं की मी कागद परत करतो. वळण संपताच बसथांबा आहे, बस रस्त्यातच थांबते, उतारावरून येणाऱ्याला ती शेवटच्या क्षणी दिसते, मागून धडक बसेल: एवढं लिहा, मग उपाय सुचवा.

तरी माझ्या मते खरी शिकवणी लागते ती अहवाल ज्याच्या टेबलावर येतो त्या अधिकाऱ्याला. प्रत्येक शिफारशीला त्याने लेखी उत्तर द्यायचं असतं: मान्य, किंवा अमान्य आणि का. "नोंद घेतली" हे उत्तर नव्हे. त्याच्या अडचणी खोट्या नसतात. थांबा मागे सरकवायचा तर कुणाची तरी गडग्याची भिंत येते, कुठे घुमटी, कुठे खुरीस (क्रूस). आणि पैसे! काम निघाल्यावर आलेल्या शिफारशीला अंदाजपत्रकात आयटमच नसतो. त्यामुळे ऑडिटच्या दुरुस्त्यांची तरतूद निविदेतच कशी धरायची, यावर माझा बराच वेळ जातो. झोप येणारा विषय आहे, पण अहवाल कपाटात जातात ते इथेच.

मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने १९८-अ हे कलम आलं. ठरवून दिलेले निकष न पाळल्यामुळे रस्त्यावर कुणाचा जीव गेला किंवा अपंगत्व आलं, तर आराखडा करणाऱ्यापासून कंत्राटदार आणि रस्ता सांभाळणाऱ्या यंत्रणेपर्यंत एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. काही जण त्या धास्तीनेच कोर्सला येतात. येऊ देत.

दुसरी अडचण आमच्या आकाराची. गोवा एवढासा, तपासणारा आणि बांधणारा एकाच जत्रेत भेटणार. तिखट वाक्य लिहिताना पेन अडखळतं. म्हणून ऑडिटर आणि साबांखाचे (सार्वजनिक बांधकाम खात्याचे) अधिकारी मी एकाच बॅचमध्ये बसवतो आणि मध्येच खुर्च्या बदलतो: ज्याने अहवाल लिहिला त्यानेच आता मर्यादित पैशांत त्याला लेखी उत्तर द्यायचं. त्या दिवशी चहाची सुट्टी लांबते आणि आवाजही चढतात. दुसऱ्या खेपेला लिहिलेल्या शिफारशी मात्र निम्म्या लांबीच्या असतात, आणि कुठल्या आधी करायच्या तेही त्यात लिहिलेलं असतं.