तुझा विश्वास ढळू नये म्हणून

१५ जानेवारी, कुडचडे

उद्या गोव्याचे संत जुझे वाझ यांचे फेस्त, म्हणजे त्यांचा सण. आमच्या ओळखीतली काही जण पहाटेच सांकवाळला, त्यांच्या तीर्थस्थळी निघणार आहेत. मी थांबते आहे, कारण संध्याकाळी वाड्यावरच्या छोट्या ख्रिस्ती समूहात मला दोन शब्द बोलायचे आहेत. विषय दिला आहे, विश्वासाने मिळणारा विजय. मनात काय काय येतंय ते आधी इथे उतरवून काढते.

योहानाच्या पहिल्या पत्रातले वचन सगळ्यांना पाठ आहे. जगावर जय मिळवतो तो आपला विश्वास. वसईला धर्मशिक्षणाच्या वर्गात आम्ही ते घोकले होते. पण विजय म्हटले की समूहात साक्षी सुरू होतात. कुणाचा आजार गेला, कुणाच्या मुलाला बोटीवर नोकरी लागली, कुणाची जमिनीची केस सुटली. त्या साक्षी खऱ्या आहेत आणि ऐकताना मलाही भरून येते. मात्र ज्याचा आजार गेला नाही, तोही तिथेच खुर्ची ओढून बसलेला असतो. तो हरला का? त्याच्या विश्वासात काही कमी पडले का? उद्या मला त्याच्याशी बोलायचे आहे.

म्हणून लूकचा बाविसावा अध्याय काढून बसले. शेवटच्या भोजनाची रात्र. प्रभू पेत्राला सांगतो, सैतानाने तुम्हांला गव्हासारखे चाळायला मागितले आहे, पण तुझा विश्वास ढळू नये म्हणून मी तुझ्यासाठी विनंती केली आहे. चाळणीतून काढू नकोस, असे काही प्रभूने पित्याकडे मागितले नाही. मागता आले असते. त्याने एकच गोष्ट मागितली, विश्वास टिकावा. आणि त्याच रात्री अंगणातल्या शेकोटीशी पेत्राने तीनदा सांगितले की मी ह्या माणसाला ओळखत नाही. मग प्रभूची विनंती वाया गेली का? नाही गेली. पस्तावा तर यहूदालाही झाला होता, त्याने चांदीची तीस नाणी परत नेऊन टाकली. पण तो प्रभूकडे परत आला नाही. पेत्र बाहेर जाऊन हमसून रडला आणि परत आला. मला वाटते, विजय तो हाच. पडूनही त्याच्याकडे तोंड फिरवता येणे. आणि तेवढे बळसुद्धा पेत्राचे स्वतःचे नव्हते, ते त्याच्यासाठी आधीच मागून ठेवलेले होते.

आमच्या घरातले उदाहरण सांगू की नको, ते ठरत नव्हते. ह्यांना विचारले. म्हणाले, सांग.

७ फेब्रुवारी २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातल्या ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले आणि १६ मार्चपासून खनिज काढणे थांबले. त्याआधी २०१२ मध्येही खाणी बंद पडल्या होत्या, तेव्हा कसेबसे तगलो होतो. ह्या वेळी आमच्या खनिज वाहणाऱ्या ट्रकचे हप्ते निम्मेही फिटले नव्हते. निकालाबद्दल मला इथे काही लिहायचे नाही, डोंगर आणि शेते काय सोसत होती तेही आम्ही बघतच होतो. पण खेप नाही तर पैसा नाही, इतके सरळ होते. आमच्या रस्त्यावर एकामागे एक ट्रक उभे राहिले. पावसाळ्यात चाकांच्या पोटात गवत वाढले. आमच्या ट्रकच्या आरशावर तर कारट्याचा वेल चढला.

ह्यांच्या वडिलांना दारूने नेले होते. त्यामुळे मला हप्त्यापेक्षा त्या बाटलीची धास्ती जास्त. संध्याकाळ झाली की आसपासचे ट्रकवाले एकत्र जमायचे, आणि तिथे काय चालायचे ते सांगायला नको.

हे दर रविवारी चर्चमधल्या मिस्सेहून आले की बादली घेऊन ट्रक धुवायचे. काचा, आतली सीट, आरशाला टांगलेली रोजरीची माळ, सगळे. शेजाऱ्याने विचारले, चालत नाही ती गाडी धुतोस कशाला? हे म्हणाले, आज रविवार, गाडी धुवायचा दिवस. रात्री आम्ही घरातल्या आल्तारापुढे, म्हणजे वेदीपुढे बसायचो. प्रार्थनेचा पहिला अर्धा मी मराठीत म्हणायचे, उरलेला अर्धा हे कोंकणीत. कित्येक रात्री ह्यांच्या तोंडून शब्दच फुटत नसे. ओठ मिटलेले, फक्त अंगठ्याखालून मणी पुढे सरकत. मग त्यांचाही अर्धा मीच म्हणून टाकायचे. ती प्रार्थना मोजली गेली असेल, ह्याबद्दल माझ्या मनात तिळभर शंका नाही.

ट्रक पुन्हा धावला नाही. पडेल भावात विकला, आज हे शाळेची बस चालवतात. बाटलीला मात्र ह्यांनी हात लावला नाही. आणि एक गोष्ट मी विसरणार नाही. मागच्या गल्लीतल्या एका ट्रकवाल्याने जेवण टाकले, बोलणे टाकले, त्याची बायको रडत आमच्याकडे आली. त्या दिवसापासून हे रोज संध्याकाळी त्याच्या सोप्यावर जाऊन बसू लागले. उपदेश वगैरे काही नाही, नुसते बसायचे. पेत्राला प्रभूने पुढे हेच सांगितले होते: तू वळलास म्हणजे आपल्या भावांना स्थिर कर.

जुझे वाझचे तरी वेगळे काय? जन्म बाणावलीचा, १६५१ चा. १६८७ मध्ये तो श्रीलंकेला गेला, कारण डचांच्या अमलात तिथल्या कॅथलिकांना धर्मगुरू उरले नव्हते, मिस्सा नव्हती. उघडपणे जाता येत नव्हते म्हणून फाटक्या वेषात गेला. जाफनाला पोचला तो आजाराने खंगलेला. १६९२ मध्ये कँडीला गेला तर पोर्तुगीजांचा हेर समजून राजाने कैदेत टाकले. तिथे बसून तो सिंहली शिकला! मला त्याच्या चरित्रात हेच सगळ्यांत आवडते. सुटका कधी होईल ठाऊक नाही, आणि माणूस तिथल्या लोकांची भाषा शिकतोय, कारण उद्या त्यांच्याशी बोलायचे आहे. पुढे देवीची साथ आली, घरचेही रोग्यांना टाकून पळू लागले, तेव्हा हा त्यांची घाण काढत, त्यांना भरवत राहिला. १६ जानेवारी १७११ ला कँडीतच देह ठेवला. गोव्याला तो परतला नाही. तो गेला त्या दिवशीही डचांची बंदी उठलेली नव्हती. २०१५ मध्ये कोलंबोला पोप फ्रान्सिस यांनी त्याला संत घोषित केले, पण त्याचा विजय तेवढ्यासाठी तीनशे वर्षे थांबला नव्हता. लपून रोजरी म्हणणाऱ्या लोकांच्या घरात तो विजय केव्हाच पोचला होता.

उद्या वचन लूकचे वाचेन, मग ह्यांची गोष्ट, मग वाझची. साक्षींना वेळ ठेवायचा आहे. पण त्याआधी पाच मिनिटे, ज्यांचे काहीच सुटलेले नाही त्यांच्यासाठी नावे घेऊन प्रार्थना करू, असे फादरना फोन करून विचारले. ते हो म्हणाले. नावे लिहायला कागद आणि पेन दारातच ठेवणार आहे. मागच्या गल्लीतल्या त्या घरातही निरोप दिलाय, दोघेही येतो म्हणाले. चणे रात्रीच भिजत घालायला हवेत.