तुर्की शिकताना ‘मिश’पाशी अडलं ते

मराठी माणसाला तुर्की तशी जवळची वाटते. क्रियापद शेवटी, विभक्ती शब्दाला मागून चिकटलेली, शिवाय लिंगाची भानगड नाही. मी अडले ती ‘मिश’ या एकाच प्रत्ययापाशी. माझ्या पुस्तकात ‘ऐकीव भूतकाळ’ एवढंच लिहून विषय संपवला होता, त्याचा राग अजून आहे.

‘आली गेल्दी’ म्हणजे अली आला. (‘गेल’ म्हणजे ये, मराठी कानाला उलटंच वाटतं.) ‘आली गेलमिश’ म्हणजे अली आला म्हणे. ‘हास्तायमश’, आजारी आहे म्हणे. इथवर आपलं ‘म्हणे’ चपखल बसतं, म्हणून ते सगळीकडे लावलं की घोटाळा सुरू होतो.

सकाळी रस्ता ओला दिसला की ‘याऽमुर याऽमश’. कोणी सांगितलेलं नसतं, खुणेवरून कळतं: पाऊस पडून गेलेला दिसतोय. ‘उयुयाकालमशम’: डोळा लागला वाटतं माझा. स्वतःबद्दल ‘मिश’ येतो तो असा, नकळत घडलेल्यासाठी. काल मी बाजारात गेले, हे ‘मिश’ लावून सांगितलं तर ऐकणाऱ्याला वाटतं, हिला आठवतच नाही. आणि सूप चाखून ‘चोर्बा चोक ग्युझेल ओलमुश’ म्हणतात, तिथे मराठी एकच: सूप मस्त झालंय. ‘म्हणे’ घातलं की चव दुसऱ्याच कोणी घेतल्यासारखं होतं.

‘डोळ्यांनी पाहिलं तर दी’ (‘गेल्दी’तला साध्या भूतकाळाचा प्रत्यय) हा नियमही तोकडा. 1923 साली तुर्की प्रजासत्ताक स्थापन झालं, ते आपण पाहिलेलं नाही, तरी वाक्य ‘कुरुल्दु’नेच (स्थापन झालं; ‘दु’ हे ‘दी’चंच रूप) संपतं. प्रश्न पाहण्याचा नाही; गोष्ट आपण खात्रीने मांडतो की ती आपल्याला मागाहून कळली, याचा आहे. हे कोणी आधी सांगितलं असतं तर!

म्हणून वहीत प्रत्येक वाक्यापुढे प्रसंग लिहा: ओला रस्ता, सूप, फोनवर कळलेली बातमी. मराठी अर्थ त्यावरून ठरवा. आणि हो, वही रोमन लिपीतच ठेवा. तुर्कीचे आठ स्वर देवनागरीत नीट वेगळे राहत नाहीत, आणि मिश, मश, मुश, म्युश यांतलं कोणतं रूप लागणार ते आधीच्या स्वरावरच ठरतं.

आजाऱ्याला म्हणतात त्या ‘गेचमिश ओलसुन’मधला ‘मिश’ निराळा, ‘सरलेलं असो’ अशा अर्थाचा. त्याला वरच्या नियमात ओढू नका, अख्खा पाठ करा. काम करत असलेल्याला ‘कोलाय गेल्सिन’ (सोपं जावो) म्हणतात, तेही तसंच अख्खं पाठ करायचं. रांधणाऱ्याला ओळखीत ‘एलिने साऽलक’ (तुझ्या हाताला आरोग्य लाभो), आदराने ‘एलिनिझे साऽलक’.