तिसऱ्या बाटलीचा नट

इंदूर ते बऱ्हाणपूर सायकलने जायचं, खंडव्याला मुक्काम, असं ठरलं तेव्हा मार्च संपत आला होता. भेरूघाट उतरून निमाडात शिरलं की ऊन वेगळंच. तिथे मला तासाला पाऊण लिटर पाणी लागतं, म्हणजे फ्रेमवरच्या दोन बाटल्या दोन तासांत खलास. म्हणून खालच्या पाइपाच्या पोटाशी तिसरी लावायची होती. फ्रेमला तिथे नट आधीपासून होते.

घोडं अडलं ते तिथेच. बाटलीचा स्टँड आवळताना फ्रेममधला नटच स्क्रूबरोबर गरगर फिरायला लागला. घट्ट होईना, बाहेरही येईना. सायकल घेतली त्याच दुकानात नेली. "कंपनी को फोटो भेजना पड़ेगा." बरं. चार दिवसांनी गेलो तर फोटो पाठवलेलेच नव्हते. पुढच्या खेपेला पाठवले होते, पण उत्तर आलं नव्हतं. अकरा दिवस सायकल त्यांच्या कोपऱ्यात धूळ खात पडली आणि मला दर वेळी "कल आ जाइए". हे काम जमत नाही म्हणून पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर मी दुसरीकडे गेलो असतो. याचा राग अजून जात नाही.

शेवटी सायकल उचलून आणली. मामांनी ओळखीच्या लेथवाल्याकडे धाडलं. त्याने नटाची कड पकडीत धरली, स्क्रूचं डोकं ड्रिलने उडवलं, जुना नट काढून नवा पाच एमएमचा रिव्हनट, म्हणजे पाइपाच्या भोकात दाबून बसवायचा आट्यांचा नट, बसवला. पंधरा मिनिटं, सत्तर रुपये! मला तिथेच त्याचे पाय धरावेसे वाटले.

स्क्रू आधी ग्रीस लावून हातानेच फिरवा, पाना शेवटी आणि हलका. फ्रेमला नट नसतील तर पाइपाला जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून त्यावर होज क्लिपने (नळी आवळायच्या धातूच्या पट्टीने) स्टँड आवळा. खालच्या बाटलीवर रस्त्यातलं शेण उडतं, तिला फिरकीचं झाकणच हवं. कॅरियरवर कोल्ड्रिंकची दोन लिटरची बाटली बांधली होती. दोन किलोंचं ते ओझं घाट उतरताना मागून ढकलतं, ब्रेक आधी तपासा.

आजोबांची कॅनव्हासची छागल, म्हणजे पाण्याची पिशवीही नेली. पाणी गार राहिलं, पण पाझरून बरंच उडालं. ती हिशेबात धरू नका.

असीरगड मागे टाकून बऱ्हाणपुरात शिरलो तेव्हा तिसरी बाटली अर्धी शिल्लक होती. आणि हो, ओआरएसची मोठी पुडी एक लिटर पाण्यासाठी असते, पाऊण लिटरच्या बाटलीत सगळी ओतू नका.